कुत्र्याचा एकच कान वास मारते, रात्रभर डोकं झटकते, कान साफ कसा करावा?

वावरातला_पोट्टा (दारव्हा तालुका)

नमस्कार सर्वायले. थोडं लांब लिहून रायलो, पण वाचून सांगजा. आमचं वावर नाल्याच्या काठी हाय आन् जागलीले आमच्यासंग एक कुत्रा असते, भुऱ्या. माय गावठी, बाप कोण होता माहीत नाई पण लोंबत्या कानाचा असन, काहून की याचे दोन्ही कान खाली पडेल हायेत. चार वर्साचा झाला. रोही (नीलगाय) आन् रानडुकरं याच्याच भरोशावर हाकलतो आम्ही, मांडवावर आपला डोळा लागला तरी हा जागा असते.

त चार-पाच दिवसापासून तो डोकं डाव्या बाजूनं वाकडं करून चालून रायला. रात्रभर कान झटकते, फटफट फटफट आवाज येते, मागच्या पायानं खाजवू खाजवू कानामागचे केस गेले आन् तिथं लाल झालं. काल जवळ गेलो त वास आला. मोबाईलची बॅटरी लावून पाह्यलं त आतमधे पिवळट-काळपट घाण, त्याच्यापुढं काई दिसत नाई. उजवा कान एकदम साफ. जेवण अर्धंच ठेवते. आन् काल माह्या बहिणीनं कानाले हात लावला त तिच्यावर गुरगुरला, तिनं त्याले बाटलीनं दूध पाजून मोठा केला, आजपर्यंत घरच्या माणसावर त्यानं दात काढला नाई. मले सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटलं.

घरी तीन मतं हायेत. बाबा म्हणते लसूण कडवून कोमट तेल सोड, दोन दिवसात मोकळा होते. मित्र म्हणते हायड्रोजन पेरॉक्साइड टाक, फेस आला की घाण वरते येते. मेडिकलमधे विचारलं त त्यानं माणसाच्या कानाचा ड्रॉप काढून देल्ला, कुत्र्यासाठी पायजे म्हणून सांगतलं तरी म्हणे चालते. मी अजून आतमधे काहीच टाकलं नाई, इयरबडनं वरवर पुसलं तेवढंच. मले दोन गोष्टी विचारायच्या हायेत, हे आता साफ कसं करावं आन् पुढं असं होऊ नये म्हणून काय करत जावं. डॉक्टर तालुक्याले हाय, गाडीवर न्यावं लागन आन् सध्या तूर फुलावर हाय म्हणून वावर सोडता येत नाई.

आर्वीवाली_ताई (वर्धा जिल्हा)

भाऊ, काहीच टाकलं नाही हे फार चांगलं केलंत, तसंच राहू द्या, आणि ते इयरबड आधी बाजूला ठेवा. आमची लॅब्रेडॉर आहे, राणी, तिला दोन वर्षांआधी पावसाळ्यात दोन्ही कान झाले होते आणि मी रोज बड घालून पुसत होते, रोज कापूस तपकिरी निघायचा म्हणून मला वाटायचं की साफ होऊन राहिलं, आणि मी मात्र अर्धी घाण रोज आत ढकलत होते. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा कळलं. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते, आधी उभी खाली उतरते आणि मग आडवी आत वळते, मोटारीच्या पायपाला एल्बो लावतात ना अगदी तशी, आणि पडदा त्या आडव्या भागाच्या शेवटी असतो. म्हणून बॅटरी लावून तुम्हाला दिसतो तो फक्त वरचा अर्धा, एल्बोच्या पलीकडं काय अडकलं ते घरी कोणालाच दिसणार नाही. आणि लोंबत्या कानाला वरून झाकण, हवा लागत नाही, ओल आतच राहते.

आता मी कसं करते ते सांगते, पण हे दुखत नसलेल्या कानासाठी आहे, तुमच्या भुऱ्याच्या आजच्या कानासाठी नाही. जनावराच्या डॉक्टरकडून कान धुवायचं लिक्विड आणायचं. बाटली थंड असेल तर थोडा वेळ हातात धरून कोमट करायची, थंडगार काहीही कानात गेलं की कुत्र्याला भोवळ येते, राणी एकदा अक्षरशः लडबडली होती. कानाची पाळी वर धरायची, बाटलीचं टोक आत न खुपसता नळीचं तोंड भरेपर्यंत लिक्विड सोडायचं आणि लगेच कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागं जो कडक नळीसारखा भाग हाताला लागतो तो २०-३० सेकंद हळूहळू चोळायचा. पचपच असा आवाज आला की समजायचं लिक्विड खालपर्यंत गेलं. मग सोडून द्यायचं. ती जोरात डोकं झटकते आणि आतली घाण स्वतःच वर फेकते, हे काम अंगणातच करा, भिंतीवर उडते सगळं. वर आलेली घाण बोटाला कापूस गुंडाळून पुसायची, बोट जेवढं सहज जाते तेवढंच. झालं. लगेच काहीतरी खायला द्यायचं म्हणजे पुढच्या वेळी बाटली पाहून पळत नाही.

आणि रोज करू नका. कान गुलाबी आहे, वास नाही, तर त्याला हातच लावायचा नाही, फक्त पाहायचा. राणीचे मी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि एरवी महिन्यातून एकदा करते, कारण तिला तो त्रास आहे आणि नाल्यात डुंबायची हौस आहे. जास्त धुतलं तरी आतली कातडी नरम पडते आणि तोच आजार परत येतो.

रिटायर_पशुधनवाले (वाशिम)

बाबू, मी पशुधन पर्यवेक्षक होतो, तीस वर्सं याच पट्ट्यात फिरलो, म्हणून जरा स्पष्ट सांगतो. तू लिहिलं की एकच कान, एकदम सुरू झालं, डोकं वाकडं, आन् दिवस कोणते त पाऊस सरल्यावरचे. माह्या अंदाजानं आतमधे कुसळ हाय.

तुमच्या नाल्याच्या धुऱ्यानं कुसळी गवत असनच. त्याचं बी कधी हातात घेऊन पाह्य, एका टोकाले सुईसारखी अणी, त्याच्यामागं बारीक उलटे केस, आन् शेपटी पिळ देल्ल्या सुतळीसारखी. थोडी थुंकी लावून तळहातावर ठेवशील त ते आपल्याआपण फिरते. ओल लागली की पीळ सुटते, वाळलं की परत बसते, आन् त्या फिरण्यानं ते जमिनीत घुसते, तशीच त्याची रचना हाय. कानात ओल असतेच. उलट्या केसामुळं ते मागं येत नाई, फक्त पुढं जाते. कुत्रा झटकन तितकं खोल. म्हणून तेल टाकून ते निघत नाई, तेलानं त्याच्यावर चिखल बसते आन् डॉक्टरले बी मग दिसत नाई.

दोन्ही कान सोबत खराब झाले असते त मी वेगळं बोललो असतो. पिल्लाच्या दोन्ही कानात कॉफीच्या भुकटीवानी काळी कोरडी घाण दिसली त कानातल्या बारीक किडीची शंका घ्यावी, ते घरच्या मांजरीले बी लागते म्हणून सगळ्यायचा इलाज संगच करा लागते. तपकिरी, तेलकट, आंबल्या पिठासारखा वास असन त बुरशी. पिवळा-हिरवा पू आन् हात लावू देत नाई त जखम चिघळली समज. एकच कान आन् एकदम असन त पयले आत काही गेलं का हेच पाहा लागते.

दुसरं, तो गुरगुरला म्हणून त्याले मारू नोको आन् बहिणीले सांग की तो तिले विसरला नाई. दुखत्या कानाले हात लागला की कोणतंही जनावर तेच करन. गाडीवर नेतांना दुपट्ट्याची पट्टी करून तोंडावर एक वेढा, गाठ खाली हनुवटीशी, मग दोन्ही टोकं कानाच्या मागं मानेवर बांध, कानावरून पट्टी जाऊ देऊ नोको. ऊन तापलं असन त तोंड जास्त वेळ बांधून ठेवू नोको, कुत्रा तोंडानंच हापते. रेबीजची लस झाली नसन त त्याच दिवशी देऊन घे. कोणाले दात लागला त जखम नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुऊन सरळ माणसाच्या दवाखान्यात, हळद-तिखट भरत बसू नये.

वावर सोडता येत नाई म्हणतोस त १९६२ या नंबरवर फोन करून विचार, तुमच्या तालुक्यात जनावराच्या दवाखान्याचं फिरतं पथक असन त येईन. पण कानात पाहाची बॅटरी, ओटोस्कोप म्हणते त्याले, अन् लांब चिमटा त्यायच्यापाशी हाय का हे फोनवरच विचारून घे. नसन त एक दिवस तूर सोड. हे काम आठवड्यावर ढकलाचं नाई, कुसळ पडद्यालोक गेलं की पडदा फाटू शकते.

चांदूरचा_शेतकरी (अमरावती जिल्हा)

काकांचा मान ठेवून बोलतो, आमच्याकडं करंजाचं तेल टाकायची जुनी पद्धत आहे, माझ्या आजोबांनी बैलाच्या कानात टाकलं, कुत्र्याच्या टाकलं, आम्ही पण टाकतो आणि आजपर्यंत एकही जनावर बहिरं झालं नाही. गोचीड कानात बसली तर तेलानं ती सोडून देते. गरिबाला प्रत्येक वेळी डॉक्टर परवडत नाही हे पण पाहा. गाडीचं पेट्रोल, दिवसाची मजुरी, औषधं, सगळं धरून हजार-पंधराशे सहज जातात. म्हणून माणूस आधी घरचा उपाय करतो, त्यात त्याची चूक आहे असं मला वाटत नाही.

रिटायर_पशुधनवाले

दादा, खर्चाचं तुमचं म्हणणं खरं हाय, मी बी तेच घरं पाह्यली. बैलाच्या पाळीवर, कातडीवर वरून तेल लावलं त मी कधी कोणाले बोललो नाई. पण नळीत सोडाचं की नाई ते पडदा साबूत हाय का याच्यावर हाय, आन् ते आपल्याले दिसत नाई. पडदा फाटेल असला त तेल, पेरॉक्साइड, स्पिरिट, ड्रॉप, जे टाकसान ते सरळ मधल्या कानात उतरते. गोचीड तेलानं गुदमराची वाट पाहाची नाई, रॉकेल त लावाचंच नाई. बारीक चिमट्यानं कातडीलगत तोंडापाशी धराची आन् सरळ वर ओढाची, पिळाची नाई, बोटानं चिरडाची नाई, स्पिरिटच्या बाटलीत टाकाची.

आन् फिनाइल अन् डांबरगोळीचं आत्ताच सांगून ठेवतो काहून की हे मी लय पाह्यलं. पावसाळ्यात माशा कानाच्या टोकाले चावते, तिथं जखम होते, माशी अंडे घालते अन् दोन दिवसात अळ्या. लोक त्याच्यात फिनाइल ओततेत, डांबरगोळी कुटून भरतेत. अळ्या मरते पण कुत्रा बी विषानं पडते, काहून की तो पंजा फिरवते अन् पंजा चाटते. अळ्या दिसल्या त त्याच दिवशी डॉक्टर. आन् ढोराचं जे किडीचं इंजेक्शन असते ते अंदाजानं कुत्र्याले टोचू नये, ते ढोराच्या वजनाच्या हिशोबानं असते. कोली जातीचे, काही शेफर्ड जातीचे कुत्रे त त्याच्यानं मेंदूवर परिणाम होऊन मरू शकतेत.

नागपूरकर_विद्यार्थिनी (पशुवैद्यक, तिसरं वर्ष)

काकांनी जवळपास सगळं सांगितलंय, मी फक्त त्या माणसाच्या ड्रॉपबद्दल बोलते कारण तो प्रश्न सुटून गेला. दादा, तो अजिबात टाकू नका. आपल्या मेडिकलमधल्या बऱ्याच कानाच्या ड्रॉपमध्ये जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक असतं, पडदा फाटलेला असताना ते आतल्या कानात पोचलं तर कुत्रा बहिरा होऊ शकतो, तोल जाऊ शकतो. त्यातल्या स्टिरॉइडनं खाज दोन दिवस दबते आणि आपल्याला वाटतं बरं झालं. पेरॉक्साइडनं आतली सुजलेली कातडी अजून पोळते आणि मागं पाणीच उरतं. दुखतं म्हणून घरातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यातलं काहीही देऊ नका, कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी-लिव्हर जाते.

डॉक्टरांना एक विनंती करा की कानातला पू काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहता येईल का. दोन मिनिटांचं काम आहे पण बुरशी आहे की जिवाणू हे त्यावरून ठरतं, आणि औषध त्यावर ठरतं. तालुक्याला सोय नसेल आणि कुसळ खोल असेल तर भूल देऊन काढावं लागतं, त्यासाठी आमचं नागपूरचं सेमिनरी हिल्सवरचं कॉलेज आहे, पण दारव्ह्याहून तुम्हाला अकोल्याची पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था सोयीची पडेल, कारंजा-मूर्तिजापूर, ज्या मार्गानं शकुंतला रेल्वे धावायची त्याच बाजूनं.

झटकण्यानं पाळी पुरीसारखी टम्म फुगली तर तेही दाखवा, आतली रक्तवाहिनी फुटून रक्त साचतं. सुईनं घरी फोडू नका, परत भरतं आणि पिकतं.

ताईंच्या राणीबद्दल पण एक, दरवर्षी त्याच मोसमात दोन्ही कान होतात आणि सोबत पंजे चाटते, पोट खाजवते असं असेल तर मूळ अॅलर्जीत असू शकतं, कान हा फक्त दिसणारा भाग. तेव्हा डॉक्टरांना कानापुरतं न सांगता पूर्ण अंगाचं सांगा.

आर्वीवाली_ताई

पंजे चाटते ना ग! पुढचे दोन्ही, बोटांच्या मधे लालसर होतात. मी समजत होते चिखलानं होते. विचारते नक्की, थँक्यू.

वावरातला_पोट्टा

उशिरा सांगून रायलो, माफ करजा. काल गेल्तो. काकांनी सांगतलं तसा दुपट्टा बांधला, मी गाडी चालवली आन् बहीण मागं त्याले मांडीवर घेऊन बसली, पूर्ण रस्ता त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं.

फिरत्या पथकाले फोन केल्ता पण त्यायच्याजवळ लांब चिमटा नव्हता म्हणून सरळ तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं थोडं झोपेचं इंजेक्शन देल्लं, कोमट सलाईननं कान धुतला, मग ती बॅटरीवाली नळी टाकून पाह्यलं आन् म्हणाले, ये इकडं, तू बी पाह्य. मी डोळा लावला. लाल लाल बोगदा, आन् त्याच्या वळणावर एक काळी काडी आडवी. लांब चिमटा टाकला, त्याचं फक्त टोक उघडते, आन् हळूच ओढलं. एक निघालं. परत पाह्यलं त त्याच्यामागं अजून एक होतं. पांढऱ्या कापसावर ठेवले दोन्ही, तांबूस, अणीले रक्त, शेपटी अर्धी तुटेल. काका, तुम्ही न पाह्यता सांगतलं होतं.

पडदा साबूत हाय म्हणाले. कुत्र्याचाच ड्रॉप देल्ला, दिवसातून दोन वेळा, १० दिवस, आन् बरा दिसला तरी मधातच बंद कराचा नाई, मग परत दाखवाचं. मायक्रोस्कोपची सोय तिथं नव्हती, पण म्हणाले १० दिवसात वास गेला नाई त अकोल्याले पाठवतो. रेबीजची लस बी देल्ली. रात्री त्यानं भाकर पूर्ण खाल्ली आन् झोपला, इतक्या दिवसानंतर पयल्यांदा फटफट आवाज आला नाई. बाबा दोन वेळा उठून पाहून आले त्याले.

आता एक विचारतो, रोज वावरात फिरणाऱ्या कुत्र्याचं काय करावं? कुसळी त सगळ्या धुऱ्यानं हाय, त्याले बांधून त ठेवता येत नाई.

रिटायर_पशुधनवाले

बांधू नोको. मांडवाच्या आजूबाजूचं अन् त्याच्या रोजच्या वाटेवरचं गवत कुसळ पिकाच्या आधी, म्हणजे पुढच्या वर्सी दसऱ्याच्या आगेमागे, कापून घे. हिरवं असतांना ढोरं बी खातेत. कानाच्या तोंडाशी आन् पाळीच्या आतून लांब केस असन त कैचीनं बारीक कर, नळीतले उपटू नोको. आन् पाऊस सरल्यापासून त उन्हाळा लागेपर्यंत रोज संध्याकाळी एक मिनिट, दोन्ही पाळ्या उलट्या करून पाहाच्या, नाक लावून वास घ्याचा, बोटं फाकवून पंज्याच्या मधात पाहाचं, तिथं बी कुसळ शिरते अन् गोचीड बसते. गोचीड जास्त दिसल्या त फक्त कुत्र्यावर औषध मारून भागत नाई, त्याच्या निजाच्या जागेच्या भेगा बी पाहा लागते, कुत्र्याची गोचीड भिंतीच्या फटीत हजारानं अंडे घालते. ताप आला, नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या त गोचीड-तापाची रक्त तपासणी करून घेजो.

चांदूरचा_शेतकरी

कुसळ निघालं हे वाचून बरं वाटलं भाऊ. तेल टाकलं असतं तर ते दिसलं नसतं, काकांचं पटलं. आमच्या वाघ्याचा पण उजवा कान महिन्यापासून जड वाटतो, पाळी थोडी जाड झाली आहे. सोमवारी बाजाराच्या दिवशी घेऊन जातो दवाखान्यात.

वावरातला_पोट्टा

जाजा दादा, आन् काय निघालं ते इथं टाकजा. इकडं ड्रॉप टाकाचं काम बहिणीनं घेतलं. शिशी पाहून भुऱ्या पयले खाटेखाली जाते, मग ती ज्वारीच्या भाकरीचा तुकडा दाखवते त येते, डावा कान तिच्या मांडीवर टेकवते आन् डोळे मिटून घेते.